बुडाला तर पास

काकांच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलं की गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं जायचं, मान हलकेच पुढे दाबली जायची आणि मग गिऱ्हाइकाची काही धडगत नसायची. काकांची बायको रक्तपेढीत कामाला आहे, ही गोष्ट त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी लागायची. मानेवर वस्तरा टेकलेला असताना मध्येच उठून कोण जाणार? नेहमीचे लोक आपसात म्हणायचे, काकांकडे निम्मा वेळ केसांचा आणि निम्मा रक्ताचा, वेळ काढूनच जायला हवं.

दुकान तसं लहान. दोन खुर्च्या, त्यातली एक मागे झुकायची बंद झालेली. समोर भिंतभर आरसा, आरशाखाली फळीवर कंगव्यांचा पेला, पावडरीचा डबा, पाण्याचा फवारा. इतर सलूनमध्ये आरशाच्या बाजूला नटनट्यांची चित्रं असतात, तिथे काकांनी रक्तपेढीतून आणलेलं एक भलंमोठं चित्र चिकटवलं होतं. रक्ताची एक पिशवी आणि तिचे तीन थर. काका कंगव्याच्या टोकानं ते थर दाखवायचे. एकदा बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना पेढीत आत नेऊन खरी पिशवी दाखवली होती, तेव्हापासून तर त्यांच्या अंगात मास्तरच शिरला होता. गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून पिशवी बाहेर काढली की तळाला लाल पेशी बसलेल्या असतात, वर पिवळसर पाणी दिसतं तो प्लाझ्मा, आणि दोन्हींच्या मध्ये दुधावर यावी तशी पातळ पांढरट साय. त्या सायीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभर टिकतात. प्लाझ्मा गोठवून दगडासारखा करून ठेवतात. प्लेटलेटना मात्र थंडी सोसत नाही आणि स्वस्थ बसणंही सोसत नाही, म्हणून त्यांची पिशवी हलत्या तबकावर सतत डोलत ठेवायची, आणि तरी त्या पाचेक दिवसांतच संपतात. हे सांगताना काका दर वेळी हळहळायचे. एवढंसं आयुष्य, तेही सगळं झोपाळ्यावर, असं म्हणून ते गिऱ्हाइकाच्या कानामागचे केस साफ करायचे.

त्यांचं ज्ञान अगदीच ऐकीव होतं असंही नाही, काही उपयोगालाही यायचं. एका कचेरीत काम करणारा एक तरुण दर महिन्याला यायचा. त्याला हिमोफिलिया होता. रक्त गोठवायला लागणारं एक द्रव्य त्याच्या शरीरात जन्मापासूनच जवळजवळ बनत नव्हतं. बाहेरच्या ओरखड्यापेक्षा त्याला आत, गुडघ्यात नि कोपरात साचणाऱ्या रक्ताचा त्रास जास्त, हे बाईंनी काकांना समजावलं होतं. तरी काकांनी त्याच्यासाठी वस्तरा कायमचा बाजूला ठेवला होता. तो आला की मशीन काढायचं, आणि उठताना त्याच्या गुडघ्याला पायठेवणीचा दांडा लागू नये म्हणून स्वतः खुर्ची वळवून द्यायची. बाकी गिऱ्हाइकांवर खेकसणारे काका त्याच्याशी मऊ बोलायचे.

पण काकांचा खरा अभिमान म्हणजे बाईंचा थेंब.

रक्तदानाच्या शिबिरात बाईंचं टेबल दाराशीच असायचं. टेबलावर लहानशा काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी. येणाऱ्याच्या बोटाला टोचायचं, बारीक नळीत रक्त घ्यायचं आणि एक थेंब त्या पाण्यावर सोडायचा. लाल पेशींत हिमोग्लोबिन पुरेसं असलं की थेंब जड असतो, सरळ तळाला जातो. कमी असलं की तो घुटमळतो आणि वर येऊन तरंगतो. बुडाला तर पास, तरंगला तर परत. इतका सोपा हिशोब, पण बाई तो ज्या तोंडानं करायच्या ते तोंड पाहून भलेभले गप्प बसायचे. एकदा गावातले एक पुढारी फोटोवाल्याला घेऊन आले होते. त्यांचा थेंब तरंगला. त्यांनी दुसरं बोट पुढे केलं, तोही तरंगला. बाईंनी त्यांना सांगितलं, की फोटो हवा असेल तर बाहेर फलकाजवळ उभं राहून काढा, रक्त मात्र घेता येणार नाही, आणि आधी डॉक्टरांकडे जा. पुढारी रागानं लालबुंद होऊन निघून गेले. काका ही गोष्ट सांगताना पुढाऱ्यांची चालसुद्धा करून दाखवायचे, आणि म्हणायचे की रागानं चेहरा लाल होतो, पण तेवढ्यानं रक्त वाढत नाही.

आता एवढं सगळं असताना एक गोष्ट काका कोणाला सांगत नसत. त्यांनी स्वतः जन्मात एकदाही रक्त दिलेलं नव्हतं. सुई त्यांना बघवत नसे. तरुणपणी एकदा ते बाईंबरोबर शिबिराला गेले होते, तर दुसऱ्याच्या हातात सुई जाताना पाहून भुईसपाट झाले. बाईंनी त्यावर कधी थट्टा केली नाही, आग्रहही केला नाही. त्या मुळात बोलायच्याच कमी. काका जगभर बायकोचं कौतुक करत फिरायचे आणि बाईंच्या रक्तपेढीत मात्र निम्म्या लोकांना त्यांचा नवरा काय करतो हेही ठाऊक नव्हतं. काकांनी एकदा विचारलं होतं, की तिथे माझं नाव कधी काढतेस की नाही. बाई म्हणाल्या, कामाच्या ठिकाणी काम. काकांना ते लागलं होतं, पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

गोष्ट अशी अडून राहिली असती, पण चिमणीनं ती पुढे ढकलली. चिमणी म्हणजे रक्तपेढीत नेहमी येणारी, बाईंची लाडकी, दहाएक वर्षांची पोर. तिला थॅलेसेमिया. तिच्या शरीरात नीट लाल पेशी तयारच होत नाहीत, त्यामुळे दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागतं. आई आणि बाप दोघंही धडधाकट, पण दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला, आणि लग्नाआधी तपासायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कपाळावरचे केस कापायला आई तिला काकांकडे आणायची. नुकतंच रक्त चढवलेलं असलं की चिमणीची टकळी थांबायची नाही. रक्त चढवायची पुढची वेळ जवळ आली असली की पोर खुर्चीत मिटून बसायची, आणि काका न विचारता ओळखायचे. असंच एकदा टकळी चालू असताना तिनं आरशातून काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमची पिशवी मला कधी मिळाली का हो?"

काकांची कात्री हवेत थांबली. तिची आई ओशाळली, पोरीला दटावू लागली. काकांनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण त्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी रक्तातलं अवाक्षर सांगितलं नाही.

मग त्यांनी ठरवलंच. दुकानासमोरच्या शाळेच्या सभागृहात दर वर्षी शिबिर भरायचं. या वर्षी पहिला नंबर आपला. आणि काकांनी ठरवलं म्हणजे ते पोटात थोडंच राहणार? खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं, त्यानं घरी नेलं, आणि शिबिराच्या सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून रस्ता ओलांडू लागले तेव्हा मागे गिऱ्हाइकांचं शेपूट होतं.

बाईंनी वर पाहिलं. नवरा समोर बसलेला पाहून त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. इतरांचं धरावं तसं बोट धरलं, टोचलं, थेंब सोडला. काकांनी डोळे मिटले होते, ते मागच्यांचा आवाज ऐकून उघडले. थेंब निळ्या पाण्यात थोडा खाली गेला, विचार केल्यासारखा थांबला आणि निवांत वर आला.

बाईंनी दुसरं बोट मागितलं. दुसरा थेंब तर खाली जायच्या भानगडीतच पडला नाही.

काका कसनुसं हसले. "अगं, पहिला जरा खाली गेला होता की."

"गेला होता. परत आला."

"घरच्या माणसाला तरी..."

"घरच्या माणसाचं रक्त वेगळं नसतं. उठा आता, मागे रांग आहे. दुकान बंद करून घरी जा, मी येते."

मागे कोणीतरी हसू दाबलं. काका उठले, शर्टाची बाही खाली केली आणि रस्ता ओलांडून परत आले. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. इतकी फजिती त्यांच्या आयुष्यात झाली नव्हती, आणि ती केली कोणी, तर जिच्या नावाचा त्यांनी इतकी वर्षं डंका पिटला तिनं. घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बाई आल्या त्या चपला काढायच्या आधी त्यांच्यापाशी आल्या. त्यांना खिडकीकडे वळवून त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली असायला हवी तिथे जवळजवळ काहीच रंग नव्हता. हात उलटे करून नखं पाहिली, ती चपटी आणि पांढरी पडलेली. मग एकेक प्रश्न. जिना चढताना धाप लागते का? लागत होती, काकांनी ती वयाच्या खात्यावर टाकली होती. आणखी काही? काका बराच वेळ आढेवेढे घेऊन म्हणाले, की बर्फ खावासा वाटतो. शेजारच्या थंड पेयांच्या दुकानातून पेलाभर बर्फ आणून ते दिवसभर कडाकडा चावत असत आणि गिऱ्हाइकं त्यावर विनोद करत. घरी मात्र त्यांनी कधी खाल्ला नव्हता, दात जातील म्हणून बाई ओरडतील या भीतीनं.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. शरीरातलं लोह संपलं की काही माणसांना असं बर्फाचं वेड लागतं, हे त्या किती जणांना सांगत आल्या होत्या.

"दिवसभर परक्यांच्या पापण्या बघते मी," त्या म्हणाल्या. "रोज समोर जेवायला बसता तुम्ही. मला दिसलं नाही."

काकांचा राग तिथेच ओसरला. बायकोचा आवाज असा त्यांनी फार क्वचित ऐकला होता. त्यांनी समजूत घालत म्हटलं, की थोडंसं कमी आहे एवढंच ना, पालेभाजी खाऊ, गोळ्या घेऊ. बाईंनी मान हलवली. बायकांचं रक्त कमी असलं तर निदान कारणं तरी ठाऊक असतात, पुरुषाचं उगाच कमी होत नाही, असं त्या म्हणाल्या. एक तर ते कुठेतरी चाललंय, नाहीतर बनतच नाहीये. दोन्हींतलं कोणतं ते कळेपर्यंत गोळी नाही आणि भाजीचं कौतुकही नाही.

बनतच नाहीये, या शब्दांपाशी काका अडकले. कारण पुढचं त्यांना पाठ होतं. पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी, असं तेच गिऱ्हाइकांना सांगायचे. आणि हे पहारेकरीच बिनकामाचे, बेसुमार वाढत सुटले तर लाल पेशींना राहायला जागा उरत नाही, तो रक्ताचा कर्करोग. हे वाक्य त्यांनी कितीदा तरी ऐटीत, कात्री नाचवत म्हटलं असेल. आता ते आपल्याच कानाशी कोणी म्हणतंय असं त्यांना वाटू लागलं. बाईंच्याही मनात तेच होतं. हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचं रक्त तपासणीला गेलं. त्यांना आडवं झोपवूनच घ्यावं लागलं. काचपट्टीवर थेंब ओढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असतो. बाई ते काम डोळे मिटून करतील, पण आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम होता. भीती असली की डोळ्यांना नको ते दिसतं, नाहीतर असलेलं दिसत नाही. काच त्यांनी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांकडे दिली आणि आपल्या टेबलावर जाऊन बसल्या.

काका बाहेरच्या बाकावर. काचेच्या दारातून त्यांना बायको दिसत होती. रक्त द्यायला येणाऱ्यांची बोटं ती धरत होती, थेंब सोडत होती, मान हलवून आत पाठवत होती. सगळं नेहमीसारखं. फक्त कोणी समोर नसलं की हातात कापड घेऊन टेबल पुसायची, पुसून झालेलं पुन्हा पुसायची. माझ्यासाठी हे टेबल झिजवणार ही बाई, असं काकांच्या मनात आलं आणि त्यांना एकदम भरून आलं. इतकी वर्षं ते तिची बढाई मारत आले, पण ही बाई आपल्यासाठी घाबरते हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टर निरोप न पाठवता स्वतः बाहेर आले, बाईंना बोलावून घेतलं आणि काकांच्या शेजारी बाकावरच बसले. पांढऱ्या पेशी जागच्या जागी आहेत, वेडीवाकडी एकही दिसली नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. प्लेटलेट नेहमीपेक्षा किंचित जास्तच. लाल पेशी मात्र लहान, फिकट, मधोमध पोकळ. म्हणजे कारखाना शाबूत आहे, माल नाही. लोह गळतंय कुठूनतरी. मग त्यांनी काकांकडे वळून विचारलं, दुखण्याच्या गोळ्या वगैरे घेता का?

काकांनी छताकडे पाहिलं.

दिवसभर उभं राहून कंबर धरायची. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून ते गोळी आणायचे आणि सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर घ्यायचे. आधी कधीमधी, मग रोज. बाईंना सांगायचं नाही, कारण त्या बंद करतील. शौचाला काळं होतं हेही त्यांनी आता तोंड फिरवून सांगितलं. पुढच्या आठवड्यात पोटात नळी घालून पाहिलं तेव्हा चोर सापडला. जठरात एक जखम होती आणि त्यातून थेंबथेंब रक्त कित्येक महिने चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, की वेळेवर आलात, एखाद्या दिवशी ती जखम एकदम फुटली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

काकांच्या गोळ्या बंद झाल्या. जखमेचं औषध सुरू झालं, लोह सुरू झालं, आणि दुकानात एक उंच स्टूल आलं, बसून केस कापायला. काकांनी त्या स्टुलाला भरपूर नावं ठेवली आणि मुकाट त्यावर बसू लागले. तब्येत सुधारली, बर्फ सुटला. पण आरशाशेजारचं ते चित्र त्यांनी काढून कपाटामागे ठेवलं. लोकांसमोर नापास झालेल्या माणसानं शिकवणी घेऊ नये, असं त्यांना वाटत होतं. दुकानात नुसता कात्रीचा आवाज. गिऱ्हाइकांना अर्ध्या वेळात मोकळं केलं जाऊ लागलं आणि गंमत म्हणजे ते कोणालाच आवडेना.

एक दिवस खुर्चीत येऊन बसले ते तेच पुढारी. भिंतीवर चित्राची मोकळी जागा पाहून त्यांनी चौकशी केली. काकांनी काय झालं ते तुटक सांगितलं. पुढाऱ्यांनी आरशातल्या काकांकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हालाही परत पाठवलं," ते म्हणाले. "मला इतके दिवस वाटत होतं, बाईंनी मुद्दाम माझी जिरवली."

केस कापून झाल्यावर ते उठले, त्यांनी कॉलर झटकली आणि जाता जाता सांगितलं की मीसुद्धा मग तपासून घेतलं होतं, बरं झालं घेतलं.

काका हातात फवारा घेऊन तसेच उभे राहिले. आपली फजिती झाली एवढंच ते उगाळत बसले होते. बायकोनं काय केलं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. सगळा गाव समोर, नवरा नव्या इस्त्रीच्या शर्टात, डोळ्यांनी विनवणी करणारा. एका थेंबाकडे डोळेझाक करून आत पाठवलं असतं तर कोणी बोललंही नसतं. तिनं पाठवलं नाही, म्हणून आज आपण या स्टुलावर बसून कात्री चालवतोय. यापेक्षा मोठी गोष्ट त्यांच्याकडे आजवर सांगायला नव्हतीच. त्यांनी कपाटामागून चित्र काढलं, धूळ झटकली आणि पुन्हा चिकटवलं. पुढच्या गिऱ्हाइकाची मान दाबत त्यांनी सुरुवात केली, की माझ्या बायकोनं मला भर सभागृहात नापास केलं, ते ऐका.

वर्ष सरलं. जखम भरून आली होती, औषधं संपून बरेच महिने झाले होते, डॉक्टरांनी होकार दिला होता. शिबिराच्या दिवशी काका पुन्हा बाईंच्या समोर बसले. या वेळी कोणाला वर्दी दिलेली नव्हती, तरी दाराशी गर्दी होतीच. बाईंनी बोट धरलं, टोचलं, थेंब सोडला. तो निळ्या पाण्यात शिरला आणि कुठेही न थांबता तळाला जाऊन बसला.

दारातून टाळ्या आल्या. बाईंनी फक्त आतल्या खाटेकडे हात दाखवला.

सुई टोचायला मात्र त्या स्वतः आल्या. दाराच्या टेबलावर दुसऱ्या कोणाला बसवून त्या काकांच्या खाटेशी उभ्या राहिल्या. काकांनी वरच्या पंख्यावर नजर लावली, हातातला रबरी चेंडू दाबत राहिले, आणि काय आश्चर्य, शुद्धीवर राहिले. पिशवी भरत आली तसं त्यांनी हळूच विचारलं, की ही चिमणीला मिळेल का. कोणाची पिशवी कोणाला जाते ते सांगत नाहीत, बाई म्हणाल्या, आणि मिळाली तरी मी सांगणार नाही.

सुई निघाली. कापूस दाबला गेला. बाईंनी पिशवीची नळी बंद केली, चिठ्ठी लावली. ती पिशवी इतर पिशव्यांबरोबर पेटीत ठेवायची, एवढंच काम उरलं होतं. पण त्यांनी ती ठेवली नाही. दोन्ही हातांत धरली, अजून कोमट असलेली, आणि रक्तपेढीहून आलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेजारच्या नव्या नर्सला म्हणाल्या, "नीट ठेव गं. ही माझ्या घरची आहे."

काकांनी पंख्यावरची नजर काढली नाही. पंखा त्यांना नीट दिसतही नव्हता.

त्या दिवसाची सगळी हकिगत काकांच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकानं ऐकली आहे. थेंब कसा सरळ तळाला गेला, टाळ्या कशा पडल्या, सुई केवढी होती. सुई तर दर खेपेला थोडी वाढते. पण बाईंचं ते एक वाक्य काकांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.